तेविसाव्या पानावरची समई

माझ्या एका पुस्तिकेच्या तेविसाव्या पानावर समईचं चित्र आहे. पाऊण पान मजकूर, आणि खाली पाच वातींची समई. पुस्तिका एका खेड्याच्या इतिहासाची. चित्राचा त्या इतिहासाशी काही संबंध नाही. तिथे एका माणसाचं नाव होतं, ते मी काढलं, आणि रिकामी राहिलेली जागा समईनं भरली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, घरीही नाही. आता पंचावन्नाव्या वर्षी सांगतो आहे, आणि या वयात ते धैर्य म्हणून मिरवावं असं त्यात काही नाही.

धंदा काय, ते आधी सांगायला हवं. पोटासाठी मी धुळ्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल. बाकीचा वेळ खेड्यांचे इतिहास लिहिण्यात गेला. खानदेशात मंदिराचा कळस चढला, शाळेला पन्नास वर्षं झाली, गावाला एखादं बक्षीस मिळालं, की गावकऱ्यांना वाटतं आपल्या गावाचं एक पुस्तक हवं. अठ्ठेचाळीस पानांचं, वर रंगीत कव्हर. मग कुणीतरी सांगतं, कॉलेजात एक सर आहेत, ते लिहून देतात. धुळे, साक्री, शिंदखेडा, तिकडे पाचोरा-भडगावपर्यंत मी एसटीनं फिरलो आणि चाळीसेक गावं लिहिली.

खेड्याचा इतिहास कागदावर फार थोडा सापडतो. तहसील कचेरीतली जुनी दप्तरं, शाळेचं जनरल रजिस्टर, जन्ममृत्यू लिहिलेलं कोतवाल बुक, एखाद्या घरी मोडीतलं बाड. पांढरीवर, म्हणजे गाव मुळात जिथे वसलं त्या उंच जागेवर, फिरलं की खापरं सापडतात. बाकी सगळं तोंडी. म्हणून मी स्वतःसाठी दोन नियम केले होते. एक, दोन वेगळ्या घरांच्या तोंडून जे आलं ते सरळ लिहायचं. एकाच तोंडून आलं तर 'असे सांगतात' असं म्हणायचं. दुसरा, छापायला देण्याआधी अख्खा मजकूर गावात पारावर बसून मोठ्यानं वाचायचा. कुणाची हरकत असेल तर तिथेच घ्यायची. हरकत आली नाही तर मजकूर पक्का.

हे वाचन मला फार आवडायचं. एका गावात मी 'दिवंगत गुरुजन' अशी यादी वाचत होतो. तिसरं नाव वाचलं तर मागून एक हात वर झाला आणि आवाज आला, "हजर, सर." अख्खा पार हसला. गुरुजींनी पुढे वर्षभर मला भेटेल तिथे 'मी अजून शे बरं' असं सांगितलं.

दुसऱ्या एका गावाचा हट्ट होता की त्यांच्या ओढ्यावर एका मोठ्या राजाचा घोडा पाणी प्याला होता. मी विचारलं, "कोणता राजा?" म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी एक आबा म्हणाले, "ते तुमी शोधा. त्याकरताच तुमले बलायेल शे." मी 'असे सांगतात' घालून घोड्याला पाणी पाजलं. राजाचं नाव मात्र लिहिलं नाही. तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता. खोटं लिहीत नाही, असा. आणि ते खरंच होतं. न लिहिण्याबद्दल माझा काही नियम नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

आता समईचं गाव. पांझरेकाठी आहे. नाव इथे देत नाही. का, ते शेवटी येईल.

पांझरेवर जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्याच्या एका अंगाला पाटाचं तोंड. पाटातून पाणी शेतात जातं. शेतं तीन-चार मोठ्या तुकड्यांत वाटलेली, एकेका तुकड्याला फड म्हणतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी कुणी स्वतः घ्यायचं नाही. ते देणारा माणूस गावानं नेमलेला असतो, तो पाटकरी. शेत पाटलाचं असो की कुणाचं, पाटकऱ्यानं बारं धरलं, म्हणजे पाटाचं पाणी तिकडे वळवलं, तरच पाणी. पावसाळा सरला की सगळं गाव मिळून पाट साफ करतं, आणि पहिलं पाणी सोडतात त्या दिवशी बंधाऱ्यावर नारळ फुटतो. त्या गावी नारळाचा मान पाटलांच्या घराचा. बंधाऱ्याच्या टोकाला एक हातभर उंचीचा, काही न कोरलेला दगड होता, त्याच्यावर तो फोडायचे. दगड कसला, विचारलं तर लोक म्हणत, "बंधाऱ्याना देव."

गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. या गावाच्या कामाला लागून महिना झाला असेल. नदीकडच्या बौद्ध वस्तीत एका अक्कांकडे मला नेलं. तेव्हा त्या सत्तरीच्या असतील. मी वही उघडायच्या आत त्यांनी सुरुवात केली.

"तो देव नही शे भाऊ. तो मना आजला शे."

त्यांचे आजोबा गावचे पाटकरी. एका पावसाळ्यात पांझरेला मोठा पूर आला. पाटाचं तोंड उघडं राहिलेलं. पूर पाटात शिरला असता तर पाट फुटून चारी फड वाहून गेले असते. तोंडाला लाकडी फळ्या लावायच्या खाचा होत्या, पण फळ्या लावायला पाण्यात उतरावं लागे. आजोबा उतरले. फळ्या बसवल्या, वरच्या फळीला पाठ लावून उभे राहिले. फड वाचले. पाणी उतरलं तेव्हा ते तिथे नव्हते. खालच्या गावच्या बंधाऱ्याला सापडले. गावानं त्या जागी दगड उभा केला. पहिली काही वर्षं पहिलं पाणी त्यांच्या घरच्या माणसानं 'सोडा' म्हटल्यावर सुटायचं. मग कधीतरी नारळ आला, आणि नारळाबरोबर मान दुसऱ्या घरी गेला.

"आजलानं नाव उखा. उखा सोमा. लिखी लिन्हं का?"

"लिहिलं, अक्का."

"वाची दखाड."

मी वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "पुस्तकमा येई ना?"

"येईल."

मी असं कधी कुणाला सांगत नसे. दुसरं तोंड मिळायच्या आत 'येईल' म्हणायचं नाही, हा माझाच नियम. पण त्या बाई दोनदा नाव ऐकून ज्या शांतपणे बसल्या, त्यापुढे नियम सांगवेना.

त्या वर्षांचं कोतवाल बुक वाळवीनं खाल्लेलं होतं. म्हणजे दुसरं तोंड शोधणं आलं. वस्तीतली बाकीची घरं अक्कांच्याच भाऊबंदांची, ती वेगळं तोंड म्हणून मोजता येत नव्हती. मी नानांकडे गेलो. नाना म्हणजे पाटलांच्या घरातले सगळ्यांत वडील, ऐंशीच्या पुढचे, दृष्टी गेलेली, डोकं लख्ख. ओट्यावर बसलेले असत. त्यांचा पुतण्या तेव्हा सरपंच होता आणि पुस्तिकेचा सगळा उत्साह त्याचा. गावात त्याला सगळे भाऊसाहेब म्हणत. त्याच्या मते बंधारा त्याच्या पणजोबांनी बांधला, आणि पुरात वाचवलाही त्यांनीच.

मी नानांना उखा पाटकऱ्याबद्दल विचारलं. त्यांनी कान अंगणाकडे लावला. मग विचारलं, "आंगनमा कोन शे?"

"कुणी नाही, नाना."

"खरं शे ते. मना बाप तठे हुबा व्हता, त्यानी माले सांगं. उखा म्हने, मालक, पाणी जरासं उतरू द्या. मना आजला म्हने, उतर. त्याले धाडं ते आमनाच घरनी."

ते पुढे म्हणाले की उखाच्या बायकोला पुढे त्याच पाटाचं पाणी भरू दिलं नाही. शिवायचं नाही म्हणून. ज्या पाटासाठी नवरा गेला, त्याचं पाणी ती वरून कुणीतरी ओतून देईल याची वाट बघत उभी राहायची.

"मना बाप हाई सांगीसन रडे. पन सर, लिखू नका. नाव लिखं ते पुढलंबी लिखनं पडी. मना डोया मिटनात का मंग लिखा."

दोन तोंडं झाली. एक वस्तीतलं, एक पाटलांच्या ओट्यावरचं. माझ्या नियमाप्रमाणे आता 'असे सांगतात'सुद्धा लागत नव्हतं.

नानांनी नको म्हटलं तरी अक्कांना दिलेल्या शब्दापायी मी लिहिलं. पाटलांनी पाठवलं हे गाळून, फक्त एवढंच की उखा सोमा या पाटकऱ्याने पुरात पाटाचे तोंड बंद करताना प्राण दिले आणि त्याचा दगड बंधाऱ्यावर आहे. आठ ओळी. धुळ्याला रफिकभाईंकडे टायपिंगला दिलं. रफिकभाई माझ्या सगळ्या पुस्तिकांची पानं लावायचे. मराठी शुद्धलेखन माझ्याहून त्यांचं चांगलं.

कच्ची पानं घेऊन मी भाऊसाहेबांना भेटलो. त्यांनी तेविसावं पान वाचलं, चहा मागवला, आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "सर, म्हाताऱ्या बाईचं बोलणं आहे हे. पुरावा नाही काही. तुमचाच नियम आहे ना, दोन तोंडं पाहिजेत? दुसरं कुणी सांगितलं का?"

इथे मी नानांचं नाव घेतलं नाही. नानांनी लिहू नका म्हटलं होतं, म्हणून घेतलं नाही असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते कारण खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. तेव्हा मी कॉलेजात हंगामी होतो. दर जूनला नवी ऑर्डर. भाऊसाहेब संस्थेच्या संचालकांत होते. त्यांनी मला धमकी दिली नाही, आमिष दाखवलं नाही, नोकरीचा विषयसुद्धा काढला नाही. सगळा हिशोब माझा मीच केला, चहा गार व्हायच्या आत.

"नाही," मी म्हणालो. "एकच तोंड आहे."

"मग?"

"मग काढतो."

निदान 'असे सांगतात' घालून ठेवता आलं असतं. राजाच्या घोड्याला जे दिलं तेसुद्धा मी उखाला दिलं नाही.

रफिकभाईंकडे जाऊन आठ ओळी काढायला सांगितल्या. पुस्तिकेचं असं असतं की सोळा-सोळा पानांचे फर्मे ठरलेले, पुढच्या पानांवर फोटो बसलेले. मधून ओळी काढल्या तरी बाकीचा मजकूर वर सरकवता येत नाही. जागा तशीच राहते.

रफिकभाई म्हणाले, "सर, ही जागा बोडकी दिसतेय. काही लिहून द्या की आठ ओळी."

"लिहायला काही नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काल तर होतं." मी कच्ची पानं पिशवीत भरायला लागलो. मग त्यांनीच विचारलं, "समई टाकू? कलश पण आहे."

"समई टाका."

त्यानंतर पारावरचं वाचन. गाव जमलं होतं. अक्का बायकांच्या मागे, पाराच्या कडेला, धुतलेलं पांढरं लुगडं नेसून बसल्या होत्या. मी वाचत गेलो. बंधाऱ्याचं प्रकरण आलं तशा त्या सरसावून बसल्या. 'पाटील घराण्याच्या पुढाकाराने ग्रामस्थांनी बंधाऱ्याचे रक्षण केले' हे वाक्य वाचलं आणि मी पुढे शाळेच्या स्थापनेवर गेलो. शेवटी नेहमीसारखं विचारलं, "कुणाची काही हरकत?"

अक्का उभ्या राहिल्या. हरकत घेतली नाही. एवढंच विचारलं, "भाऊ, एखादं पान राही गयं का वाचानं?"

"नाही अक्का. एवढंच आहे."

"बरं," म्हणाल्या, आणि बसल्या.

त्या 'बरं'मध्ये राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांना खरंच वाटलं होतं की माझ्याकडून पान उलटायचं राहिलं.

पुस्तिका निघाली. कव्हरवर बंधाऱ्याचा फोटो, आणि फोटोत कोपऱ्यात तो दगड. पुढच्या जूनमध्ये मी कायम झालो. आमच्या कॉलेजात त्या वर्षी आणखी तिघं कायम झाले, म्हणून कदाचित मी बोललो असतो तरी झालोच असतो. हे मला कधीच कळणार नाही.

तीन वर्षांनी नाना गेले. मी दहाव्याला गेलो होतो. मना डोया मिटनात का मंग लिखा, हे वाक्य डोक्यात घेऊन परत आलो. आता लिहायला मोकळा होतो. एक पुरवणी, एक पत्र, एखाद्या वर्तमानपत्रात चार ओळी. काहीच केलं नाही. दुसरी आवृत्ती निघाली की दुरुस्त करू, असं ठरवलं. खेड्यांच्या पुस्तिकांची दुसरी आवृत्ती कधी निघत नाही, हे चाळीस पुस्तिका लिहिणाऱ्या माणसाला ठाऊक असतं.

गेल्या वर्षी एक बाई ग्रंथालयात आल्या. पन्नाशीच्या, पाचोऱ्याला शाळेत शिक्षिका. टेबलावर माझी पुस्तिका ठेवली, कोपरे दुमडलेली.

"तुम्हीच लिहिली ना सर ही? मी सुनंदा. अक्कांची मुलगी."

त्यांनी सांगितलं ते असं. बंधाऱ्याची दुरुस्ती निघाली. काँक्रीटची नवी भिंत, दगड बरोबर तिच्या रेषेत. अक्का आता सुनंदाताईंकडे पाचोऱ्यालाच असतात. त्यांनी मुलीला गावी पाठवलं, की दगड हलवायचा तर हलवा, पण बाजूला नीट उभा करा आणि खाली आजोबांचं नाव घाला. ग्रामसभेत विषय निघाला. कुणीतरी विचारलं, नाव कशावरून? कुणीतरी पंचायतीच्या कपाटातून गावाचं पुस्तक काढलं आणि बंधाऱ्याचं पान उघडून सगळ्यांना दाखवलं.

"म्हणाले, ताई, बघा, सरांनी सगळ्या गावाला विचारून लिहिलंय. पारावर वाचलंय. तुमच्या आई तिथे होत्या, त्यांनी हरकत घेतली नाही. आणि यात तर नाव नाही."

"मग दगड?"

"भरावात गेला, सर. नव्या भिंतीच्या पायात. नदीतल्या बाकीच्या दगडांबरोबर." त्यांनी पुस्तिका माझ्याकडे सरकवली. "मला एकच विचारायचंय. आई म्हणते तुम्ही तिला वाचून दाखवलं होतं. दोनदा. मग इथे समई का आहे?"

इतकी वर्षं ग्रंथालयात काढून जी सावध भाषा अंगी येते ती मी वापरली. जागेची अडचण, तांत्रिक बाबी, समितीचा निर्णय. सुनंदाताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पोरगं गृहपाठाचं कारण सांगत असावं तसं. मग पुस्तिका पिशवीत घालून गेल्या.

त्यानंतर एक वर्ष मी टिकलो. या श्रावणात पाचोऱ्याला गेलो.

अक्का आता खाटेवरून फारशा उठत नाहीत. कानाशी वाकून बोलावं लागतं. सुनंदाताई दारात उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं. नाना काय म्हणाले, भाऊसाहेबांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. हंगामी नोकरीचंही सांगितलं. मोठ्यानं सांगावं लागत होतं, त्यामुळे शेजारच्या घरातही ऐकू गेलं असणार. स्वतःची गोष्ट ओरडून सांगायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

नानांनी 'खरं शे' म्हटल्याचं ऐकून अक्कांनी डोळे उघडले.

"नाना बोलना? सोता?"

"हो. स्वतः."

"आजीले पाणी भरू दिन्हं नही, तेबी सांगं त्यानी?"

"सांगितलं. त्यांचे वडील रडायचे म्हणाले."

 मी माफी मागितली. अक्कांनी हातानं माशी वारावी तशी ती बाजूला केली. मी म्हणालो, "अक्का, एका दिवाळी अंकात लिहितो हे सगळं. आजोबांचं नाव घालून. चालेल?"

"लिख. कोठेबी लिख." मग मान माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "पन माले आठे सांगीसन काय व्हई भाऊ? जठे वाचं नही, तठे वाच."

सुनंदाताई मला स्टँडपर्यंत सोडायला आल्या.  बस लागल्यावर म्हणाल्या, "आईला आता प्रवास होत नाही. पण मी येईन. मला दिवस कळवा."

मी अजून कळवलेला नाही.

गावाचं नाव इथे दिलं नाही ते एवढ्याचसाठी. त्या लोकांना हे छापील कागदातून कळू नये, माझ्या तोंडून कळावं. पुस्तिकेतली जी वाक्यं मी त्यांना वाचून दाखवली, ती त्यांनी विश्वासानं ऐकली आणि त्याच विश्वासानं एका बाईसमोर पुरावा म्हणून धरली. त्यात त्यांची चूक नाही. भाऊसाहेब अजून आहेत, थकलेत. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं मी खोटं उत्तर दिलं, हे त्यांनाही समोर सांगायला हवं. पुतण्या म्हणून नानांचं बोलणं ऐकायचा त्यांचाही हक्क आहे.

रफिकभाईंकडे जुन्या फायली होत्या. ते आता कमीच काम करतात, पण फाईल शोधून काढली, आठ ओळी जशाच्या तशा. त्याखाली मी आणखी सात ओळी घातल्या, नानांनी सांगितलेल्या. रफिकभाईंनी टाईप बारीक करून पान लावलं, समई काढली आणि विचारलं, "आता बरोबर बसलं का, सर?" मी हो म्हणालो. ते सुटं पान माझ्या बॅगेत आहे.

पावसाळा सरला की पाट साफ होईल. निम्मे फड आता बोअरवर गेलेत, पण पहिलं पाणी सोडायला गाव अजून जमतं, आणि बंधाऱ्यावरून परतताना पारावर टेकतं. त्या दिवशी तिथे उभं राहून, सुनंदाताईंसमोर, भाऊसाहेबांसमोर, मला तेविसावं पान पुन्हा मोठ्यानं वाचायचं आहे, उखा सोमा या नावासकट. तेवढं एक वाचन माझ्याकडे बाकी आहे.